बाळाला न पचणारी साखर

माझी लेक माजलगावच्या दवाखान्यात जन्मली. दुसऱ्या दिवशी आई धर्मापुरीहून मधाची बाटली घेऊन आली. आमच्यात बाळाला आधी मध चाटवायचे. डॉक्टरीणबाईंनी तिला थांबवलं. म्हणाल्या, "मध नको, आईचं दूधच पुरे. त्यात तर अशीही एक साखर असते, जी बाळाला पचतच नाही."

आईनं जन्मभर शेळ्या राखलेल्या. तिला हे पटेना. "मग ती दुधात हाय कावून?"

"बाळाच्या आतड्यातले चांगले जंतू ती खाऊन वाढतात. मग वाईट जंतूंना तिथं थारा मिळत नाही."

आई बाटली पिशवीत ठेवून माझ्या उशाशी बसली. "करडाला शेळीच्या पहिल्या दुधाचा चीक मिळाला न्हाई तर ते लई जपावं लागतं, हे मला ठाव होतं," ती हळूच म्हणाली. "पण तुला म्या मधच चाटवलता. चुकलं का गं माझं?"

मी हसले. तिचा हात हातात घेतला. "मी धडधाकट आहे की!"

तेव्हा कुठं तिनं नातीला उचलून माझ्या कुशीत दिलं आणि नात दूध पिताना आई टक लावून बघत राहिली. आई जाऊन आता तीन वर्षं झाली. तिचं ते बघणं अजून डोळ्यांपुढं आहे.