विमा की दोस्त

नवऱ्याची बॅटरीवरची व्हीलचेअर आली तेव्हा तिचा विमा उतरवायचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं. खुर्ची बंद पडली की त्याला उचलायला मीच, आणि माझी कंबर आधीच गेलेली. एजंट आला, खुर्चीभोवती फिरला आणि वाकून म्हणाला, "वहिनी, हे वेल्डिंग कुणी केलं?"

केलं होतं शिरोलीच्या फौंड्रीतल्या नवऱ्याच्या जुन्या दोस्तांनी. नवं मशीन आलं की आधी खोलून बघायचं, ही त्यांची रीत. पाय ठेवायची पट्टी उंबऱ्याला अडत होती, म्हणून त्यांनी ती कापून वर जोडली.

"हे काढून मूळचं बसवा, मग विमा होईल. पुढं बाहेरच्यानं हात लावला तर भरपाई नाही. दुरुस्तीला कंपनीचा पुण्याचाच माणूस येणार."

"कधी येणार?"

"पंधरा दिवस धरा."

नवरा हसला. "पावणं, पंधरा दिस मला परसाकडं कोण न्हेणार? तुमी?"

एजंटाला चहा पाजून वाटेला लावलं. दोस्तांना बोलावलं की संध्याकाळी हजर असतात. त्यांनी खोलल्यापासून डावं चाक करकरतं, हेही खरं. पण ते करकरलं की मला कळतं, तो आपला आपण न्हाणीकडं निघालाय. मला उठायला नको.