एका तोंडाचं काम

केरबा गेल्याचा निरोप घेऊन लोणावळ्याच्या बंगल्यावरचा माळी देहूरोडला माझ्या क्वार्टरवर आला, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा, "खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या का?" माळी माझ्याकडे बघतच राहिला. माणूस गेला म्हटल्यावर लोक काय झालं, कसं झालं ते विचारतात. हा कारकून खिडक्यांचं काय विचारतो? डोक्यावरचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवत तो म्हणाला, "न्हाई जी. समद्या लावल्याल्या व्हत्या, दाराला आतून कडी. सकाळी च्या घिऊन गेलतो. हाका मारल्या, मग दार उचकाटलं. खुर्चीतच व्हते बसल्याले." मला ते ऐकायचं नव्हतं, आणि तेच ऐकायला मिळणार हे ठाऊकही होतं. त्याला आता काही आठवडे झाले. अजून मी रागातच आहे.

लोणावळ्याला लोक हवा खायला येतात. माझा मित्र केरबा त्याच लोणावळ्यात ऐन उमेदीपासून मरेपर्यंत खिडक्या लावून बसला. ते त्याचं काम होतं. काम काय, तर दुसऱ्याचे पाईप ओढून देणं. वाचणाऱ्याला ही थट्टा वाटेल. मलाही सुरुवातीला वाटली होती, आणि मी ती पुष्कळ केलीही.

आम्ही दोघे लोहगडवाडीचे. घरं शेजारी, वावरं शेजारी. केरबाच्या वडिलांना सगळी वाडी आबा म्हणे. आबा माळकरी. घरात तंबाखूचं नावसुद्धा काढायचं नाही. वाडीतली मोठमोठी माणसं आबा येताना दिसले की चिलीम पाठीमागे लपवत. केरबाच्या गळ्यातही लहानपणापासून तुळशीची माळ होती. आबा तसे कडक, पण केरबाजवळ एक युक्ती होती. जत्रेला जायचं असलं, कुस्त्या बघायच्या असल्या, की तो आबांच्या पुढ्यात बसायचा, त्यांची हनुवटी बोटांत धरायचा आणि म्हणायचा, "आबा, जाऊ द्या की." आबा "सोड रं" म्हणत मान हलवायचे, पण हनुवटी सोडवून घ्यायचे नाहीत. हात निघेपर्यंत होकार मिळालेला असायचा. माझ्या बापावर हा प्रयोग करायचा धीर मला कधी झाला नाही.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा मी लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून चिकटलो, आणि केरबा स्टेशनात हमाली करू लागला. फ्रामजीशेठ नावाचे एक पारशी गृहस्थ मुंबईहून शनिवारी यायचे. स्टेशनापासून जरा लांब, झाडीत त्यांचा बंगला होता. शेठना जुने पाईप जमवण्याचा नाद. विलायतेला परत जाणाऱ्या साहेबांच्या सामानाचा मुंबईत लिलाव झाला, की शेठ तिथे हजर. मातीचे हातभर लांब दांड्याचे, चिनी मातीचे चित्रं काढलेले, अक्रोडाच्या लाकडाचे, असे पाईप त्यांच्या काचेच्या कपाटात ओळीने लावलेले असत. पण त्यांचा जीव होता तो पांढऱ्या पाईपांवर. कसल्याशा हलक्या, मऊ दगडाचे, नाजूक कोरीव कामाचे. हा दगड नवा असताना दुधासारखा असतो. ओढत राहिलं की धूर आत मुरत जातो, आणि वर्षावर्षाने त्याला मधाचा, मग कडक चहाचा रंग चढतो. तो रंग एकसारखा चढवणं हाच सगळा शौक. त्याचे नियम शेठनी मला एकदा हौसेने सांगितले होते. हळू ओढायचा. वारा लागू द्यायचा नाही, नाहीतर एक गाल काळा आणि एक गोरा होतो. गरम असताना हात लावायचा नाही. बोट लागलं त्या जागी डाग पडतो, तो जन्मात जात नाही. आणि सुरू करील त्याच माणसाने पुरा करायचा. "हा काम एक तोंडाचा छे," शेठ म्हणाले. "दुसरा तोंड लागला की खलास."

पंचाईत अशी की शेठना स्वतःला ओढता येत नव्हतं. त्यांच्यात अग्नी पवित्र, त्याला तोंड लावायचं नाही. मुंबईत कितीतरी पारशी बिनदिक्कत ओढतात, हे तेच सांगायचे. पण बंगल्यात त्यांची म्हातारी आई होती, तिचा दिवा रात्रंदिवस तेवत असे, आणि त्यांचं स्वतःचंही मन धजत नव्हतं. मग त्यांनी आधीच्या माळ्याला बसवलं. तो चिलमीचा गडी. त्याने पाईप मुठीत धरून असा झुरका मारला की एक जुना, सुंदर पाईप तडकला. तेव्हापासून शेठ जन्मात तंबाखू न शिवलेला माणूस शोधत होते. एका शनिवारी त्यांची ट्रंक उचलायला केरबा पुढे झाला आणि त्यांना त्याच्या गळ्यातली माळ दिसली. माळ बघूनच त्यांनी त्याला निवडला.

शेठच्या धर्माने केलेली अडचण केरबाच्या धर्माने सोडवली, आणि यात काही चुकतंय हे दोघांपैकी एकालाही जाणवलं नाही. मी बोललो. केरबा हसला. "आरं, मी कुटं वढतोय? वढत्यात शेठ. तोंड तेवढं माझं." हमालीपेक्षा काम हलकं, दोन वेळचं जेवण, वर शेठचा गोड स्वभाव. माझं ऐकतो कशाला?

मागच्या अंगणात घोड्यांचं खोगीर-सामान ठेवायची जुनी खोली होती, ती त्याला दिली. तीन खिडक्या, तिन्ही बंद. एका खिडकीच्या काचेबाहेर शेठ खुर्ची टाकून बसत आणि आतला धूर बघत. त्यांना वास घ्यायचा नव्हता, नुसता रंग बघायचा होता. बाहेर झाडं हलत असत, करवंदीच्या जाळीत पाखरं ओरडत असत, आणि आत केरबा ताठ बसून, दांडा दोन बोटांत धरून, एकेक झुरका घेत असे. मी त्याला भेटायला जायचो तो दारात उभा राहूनच बोलायचो. आत माझे डोळे चुरचुरायचे. "दार लाव आन् आत ये, न्हाईतर भायेरच ऱ्हा," तो म्हणायचा. "वारा येतोय."

त्या वर्षी दिवाळीला केरबा वाडीला गेला, मी बरोबर होतो. ओटीवर आबांच्या पाया पडून तो उठला आणि आबांनी त्याचा दंड धरला. "तोंडाला कशाचा वास मारतोय?" केरबाला खोटं बोलता येत नसे. त्याने सगळं सांगितलं, पाईप कसे असतात, रंग कसा चढतो, हेसुद्धा सांगू लागला. आबा शांतपणे ऐकून म्हणाले, "माळ काड." मग आत देव्हाऱ्याकडे बोट केलं. "तितं ठिव. तिला कुनी हात लावनार न्हाई. त्ये सोडशील त्या दिशी हुचल, घाल, आन् माझ्या शेजारी पानावर बस. तवर वटीवर जेव." आवाज चढवला नाही. त्या दिवाळीला घरातली पंगत आत बसली आणि केरबाने ओटीवर एकट्याने ताट संपवलं. जाताना आबांची हनुवटी धरायला त्याने हात पुढे केलेला मी पाहिला. आबा तोंड फिरवून गोठ्याकडे गेले.

"हातातला तेवढा पुरा करतो आन् सोडतो," असं परतीच्या वाटेवर तो मला म्हणाला. आणि खरंच त्याच्या मनात तसंच होतं. पण एका पाईपला तीनतीन, चारचार वर्षं लागतात. तो पुरा व्हायच्या बेताला आला की शेठ दुसरा आणत. आणत म्हणजे हुकूम करत नसत. काचेतून दाखवत, लहान मुलासारखे खूश होत, आणि केरबा मान हलवी. मी म्हणायचो, "नाही म्हण." तो म्हणायचा, "कसं म्हनू? दुसरं तोंड कुटनं आनतील?" लग्नाच्या गोष्टी आल्या आणि ओटीवरूनच परत गेल्या, मुलीच्या बापाला वास पुरत असे. त्याला कुणी कोंडलं नव्हतं. कडी आतूनच असायची. हेच मला सहन होत नसे.

मग 'म्हातारा' आला. शेठच्या सगळ्या संग्रहात असा दुसरा नव्हता. फार जुना, पण कुणी कधी न ओढलेला, कोरा पांढरा. फेटा बांधलेल्या, दाढीवाल्या म्हाताऱ्याचं डोकं. कपाळाच्या आठ्यासुद्धा कोरलेल्या. कुठल्या तुर्काचा चेहरा असेल तो. पण दोन-तीन वर्षांत रंग चढू लागला, चेहरा गोऱ्याचा गव्हाळ झाला, आणि एके दिवशी केरबा हलक्या आवाजात म्हणाला, "कुनावानी दिसतोय रं?" मी ओळखलं होतं. त्या दिवसापासून तो 'म्हातारा' म्हणेनासा झाला. नुसतं 'ह्यो' म्हणायचा.

दुसरं युद्ध लागलं आणि देहूरोडला लष्कराचे डेपो उभे राहिले. मी रेल्वे सोडून तिकडे गेलो. माणसं हवीच होती. मी केरबासाठी जागा बघितली. साध्या कामाची, पण उघड्या अंगणात, वाऱ्यात. याच सुमारास आबांनी अंथरूण धरलं. वाडीहून आलेला माणूस सांगत होता, "आबा म्हनत्यात, पानं मांडताना केरबाचं बी मांडत जावा. न जानो येईल." रोज एक पान मांडत होते आणि उचलून ठेवत होते. हे ऐकून केरबा माझ्यासमोर रडला. मी म्हणालो, "आत्ता चल. पाईप तसाच ठेव." तो म्हणाला, "अर्धा टाकला तर शेठ मरतील रं. त्यांनीच हाकललं पायजे मला."

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. त्याने 'म्हातारा' पेटवला, चांगला तापू दिला, आणि मुद्दाम बोटांनी धरला. बोटांना फोड आले तरी धरून ठेवला. मग तसाच शेठपुढे जाऊन उभा राहिला. शेठ आता थकले होते, नजर अधू झाली होती. त्यांनी पाईप डोळ्यांजवळ नेला, डाग पाहिले. मग केरबाचे हात पाहिले. "अरे, तू भाजला ने?" म्हणाले. आतून मलम मागवलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या बोटांना लावत बसले. "माझा गुन्हा," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तुला फार बसवला मी. डाग पडला तर पडला. आपण चालू ठेवू, केरू."

"रागावले असते तर सुटलो असतो रं," केरबा मला म्हणाला. "लाथ घातली असती तरी चाललं असतं..."

फ्रामजीशेठ चांगले होते, हे मी शंभरदा मान्य करतो. पण त्या मलमाचा मला आजही संताप येतो.

आबा त्याच आठवड्यात गेले, केरबाची भेट न होताच. केरबाने अग्नी दिला, दहावं केलं, सगळं केलं. तेराव्याला आत त्याचं पान मांडलं होतं, भावकीतले सगळे हात धरून बोलवत होते. तो ओटीवरच बसला. "त्यांनी बोलवाय पायजे व्हतं," एवढंच म्हणाला. देव्हाऱ्यातली माळ त्याने पाहिली, पण उचलली नाही.

वर्ष-दीड वर्षात शेठही गेले. मुंबईहून त्यांचे पुतणे आले आणि काचेचं कपाट भरून घेऊन गेले. डाग पडलेला पाईप त्यांना नको होता. तो त्यांनी केरबाला दिला आणि बंगल्यावर राखणीला राहा म्हणाले. आता त्याला अडवणारं जगात कोणी उरलं नव्हतं. मी पुन्हा बोलावलं. तो आला नाही. शेवटचं भेटलो तेव्हाही तिन्ही खिडक्या लावून, पाईपाचा चेहरा स्वतःच्या बाजूला वळवून, दांडा दोन बोटांत धरून तो सावकाश ओढत होता. खोकला फार झाला होता. मी म्हणालो, "आता कुणासाठी?" तो म्हणाला, "डाग भरून काडतो. येवडा भरला की वाडीला जातो, माळ घालतो." डाग भरत नाही हे माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत होतं. मी चिडून निघालो, आणि निघताना दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. फाटकापर्यंत पोचायच्या आत मागे कडीचा आवाज आला.

माळ्याने निरोपाबरोबर एका फडक्यात बांधून तो पाईप माझ्याकडे आणला. "तुमास्नी द्या म्हनत व्हते." केरबाने मला तो कधी हातात घेऊ दिला नव्हता. माळी गेल्यावर मी सोडून पाहिला. फेटा, कपाळ, दाढी, सगळीकडे दाट, एकसारखा तपकिरी रंग. आबाच. डाग कुठे ते मी शोधू लागलो. माझी कल्पना अशी की रागाने, सुटायच्या घाईने धरलेला पाईप. म्हणजे डोकं मुठीत आवळलेलं असणार, गालांवर, फेट्यावर फासलेले डाग असणार. तसं काही नव्हतं. वर कुठे बोटही लागलेलं नव्हतं. फक्त खाली, हनुवटीला, एका अंगाला अंगठ्याचा आणि दुसऱ्या अंगाला दोन बोटांचा, असे तीन फिके ठसे होते.

मी माझी बोटं त्यांवर ठेवून पाहिली. बरोबर बसली... लहानपणी तो "जाऊ द्या की" म्हणायचा. या वेळी तो "आबा, येऊ द्या की" म्हणाला असणार. मी खिडकी उघडली, तिच्यापाशी उभा राहिलो, पण बराच वेळ मला ती हनुवटी सोडवेना.