धुळे-जळगाव बसमध्ये भेटलेला गायक

भुताखेतांचा विषय निघाला की "ॲसिडिटी झाली असेल, गोळी घे" म्हणणारा मी माणूस. जळगावात माझं मेडिकल आहे, वीस-बावीस वर्षं झाली. त्यामुळे हे लिहायला माझं मलाच अवघड जातंय... घरातही मी हे पूर्ण सांगितलेलं नाही.

जळगावातलाच सुकदेव, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, अहिराणी गाणी म्हणायचा. आधी लग्नांत, मग यूट्यूबवर. त्याचं एक गाणं आमच्याकडे फार चाललं — "मेडिकलवाला भाऊ, दे माले झोपनी गोयी," म्हणजे मला झोपेची गोळी दे. डीजेवर ते लागलं की गिऱ्हाइकं मला चिडवायची, "काय भाऊ, तुम्ही पण हिरो झाले!" खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. पण त्याची झोप खरोखरच उडालेली होती. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याला गोळ्या द्यायचो. पट्टीची नाव छापलेली बाजू कात्रीने कापून स्वतःकडे ठेवायचो, उरलेली खाकी पाकिटात. उद्या काही झालं तर आपल्यावर यायला नको...

मे महिना होता. धुळ्याला भाचीचा साखरपुडा आटोपून दुपारी दोनच्या जळगाव बसमध्ये चढलो. डावीकडच्या तिसऱ्या सीटवर, खिडकीशी सुकदेव!

"अरे, तू इकडे कुठे?" मी त्याच्या शेजारी टेकत विचारलं.

"तुमनीच वाट देखी ऱ्हायंतू, भाऊ. नवं गानं शे, आयका."

समोरच्या दांडीवर बोटांनी ठेका धरून त्याने सुरू केलं — "नाव सांग रे भाऊ, गोयीनं नाव सांग..." एवढीच ओळ. पारोळा मागे पडलं तरी तीच.

"हळू रे बाबा, लोक ऐकतायत."

"आयकू द्या ना. नाव सांगा."

"याला कडवं नाही का?"

"कडवं तुमीच म्हना."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण आजूबाजूच्यांनी 'कसली गोळी?' म्हणून विचारलं तर? मी मान वळवून झोपेचं सोंग घेतलं. एरंडोलला डोळे उघडले तर सीट रिकामी. म्हटलं, उतरला असेल.

जळगाव स्टँडवर पाय ठेवतोय तोच त्याच्या बायकोचा, रेखावहिनींचा फोन.

"भाऊ, पोरंस्ना पप्पा सकायपाईन उठी नही ऱ्हायनात. दवाखानामा आनेल शे. डॉक्टर इचारस, कोनती गोयी लिधी? पाकिटवर नावच नही."

"सकाळपासून? अहो, तो तर आत्ता बसमध्ये माझ्या शेजारी..."

"नऊ वाजापाईन मी त्यासना हात धरी बठेल शे, भाऊ! गोयीनं नाव सांगा."

नाव ओठांवर होतं. एका शब्दाचं काम. पण लायसन्स, पोलीस, पेपरात नाव, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. म्हणालो, "वहिनी, माझ्या दुकानातून काही गेलेलं नाही."

तिसऱ्या दिवशी सुकदेव गेला.

नाव कळलं असतं तर वाचला असता का? एका ओळखीच्या डॉक्टरांना मी आडून विचारलं. "सांगता येत नाही. पण वेळेवर कळलं तर फरक पडतो," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांच्या समोर जायचंही मी टाळतो.

मागच्या महिन्यात शेवटी वहिनींकडे गेलो. गोळ्या मीच दिल्या, फोनवर खोटंही मीच बोललो, सांगून टाकलं. वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी पाणी आणून ठेवलं. मग बसचं सांगितलं, पण भेटला, गाणं म्हणाला, इतकंच. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"तुमनाकडे ऊनात ते... मंग मनाकडे का बरं नही ऊनात, भाऊ?"

तो माझ्याकडे आला, मग त्यांच्याकडे का नाही आला? मी उठून चपला घातल्या.

जळगावात खाटेवर बेशुद्ध पडलेला माणूस धुळ्याहून सुटलेल्या बसमध्ये कसा आला, हे मला आजही उलगडलेलं नाही. कोणाला कळत असेल तर सांगा. माझ्याकडेच का आला, ते मला माहीत आहे. तेवढंच वहिनींना सांगायची हिंमत झाली नाही.