निवडलेला तांदूळ

चांगुलपणावर माझा राग नाही. चांगुलपणाच्या आदेशावर आहे. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून अर्जुनी मोरगावहून एसटीत बसले, तोच मोबाइलवर तो येऊन पडला. शाळेत एक पेटी ठेवा. मुलांनी आसपासचं चांगलं वागणं बघावं, चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावं. दर शनिवारी परिपाठात चिठ्ठ्या वाचाव्यात आणि वाचतानाचे फोटो दुपारपर्यंत ग्रुपवर टाकावेत.

पाच वर्गांची शाळा आम्ही दोघं ओढतो. त्यातले गुरुजी महिन्यातले निम्मे दिवस कुठल्या ना कुठल्या यादीच्या कामावर असतात, म्हणजे हिशेबाला मी एकटीच. झाडाचे फोटो झाले, हात धुण्याचे झाले, शौचालयाच्या दाराचे झाले. आता पोरांच्या मनाचे तेवढे राहिले होते. खडूचं रिकामं खोकं घेतलं, निळा कागद चिकटवला, वर फट पाडली आणि म्हटलं, घ्या, करा चांगुलपणा.

पहिल्या शनिवारी निघालेल्या चिठ्ठ्या अशा होत्या: ‘त्यानं मले आज शिवी देली नाही.’ ‘तिनं मले नळावर ढकललं नाही.’ एका महाभागानं लिहिलं होतं, ‘मॅडम काल चिडल्या नाहीत.’ त्या दिवशी मला ताप होता, चिडायला अंगात त्राण नव्हतं. एक चिठ्ठी मात्र सरळसरळ चुगली होती. ती मी घाईनं मुठीत दाबली आणि तेव्हापासून ठरवलं, की शनिवारी आधी ऑफिसात बसून सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या, नको त्या काढायच्या आणि मगच पेटी परिपाठाला न्यायची.

पण खोटं कशाला बोलू, महिनाभरात पोरं खरंच बघायला लागली. एकाची चप्पल तुटली तर दुसऱ्यानं आपली एक त्याला दिली आणि दोघं एकेक चप्पल घालून घरी गेले, असं एकीनं लिहिलं. याला शहाणपण म्हणावं की वेडेपणा, मला ठरवता आलं नाही, पण वाचताना बरं वाटलं. बरं वाटण्याची सवय सुटली होती. सव्वीस वर्षं झाली नोकरीला. शाळेचं फाटक दिसलं की हल्ली आधी सुट्टीची वेळ आठवते.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी आजी माझ्याही आधीपासून होती. नवरा गेलेला, मुलगी गोंदियाला दिलेली, जमीन नाही. सगळं गाव तिला ‘शारेची आजी’ म्हणे. सकाळी सव्वानऊला ती कोठीतून तांदूळ काढायची, टोपलं व्हरांड्यात ठेवायची आणि बोअरिंगवर पाण्याला जायची. परत आली की भिंतीला टेकून, सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसायची. मी बसमधून उतरून येईस्तोवर तिचं निवडणं संपत आलेलं असे.

इकडे भात म्हणजेच जेवण. दाताखाली खडा आला की पोर ताट सोडतं, घरी जाऊन सांगतं आणि दिवस मावळायच्या आत गावभर होतं. शेजारच्या गावात एका बाईचं काम एवढ्याच कारणानं गेलं होतं. आमच्याकडेही शाळेची समिती दरवर्षी जूनमध्ये बसते आणि चूल कोणाकडे ठेवायची ते ठरवते. आजीचं नाव आजवर बिनबोभाट पुढे जात आलं होतं. ते काम गेलं असतं तर तिला या वयात भाताच्या रोवणीला वाकावं लागलं असतं, आणि तिची कंबर आता घागरीलाही कुरकुर करायची.

त्या वर्षीच्या खिचडीत मला एकदाही खडा लागला नाही. मुलांना वाढण्याआधी चव घेऊन वहीत सही करायची असते, ती मी रोज करत होते. ‘चव उत्तम.’ एकदा आजीला म्हटलंही, यंदा तांदूळ चांगला आला. ती म्हणाली, “हो जी, एक खडा सापडत नाही.” आम्ही दोघीही खूश होतो.

जानेवारीतल्या एका शनिवारी पेटी बघायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. शनिवारी शाळा सकाळची, आणि नेमकी त्याच दिवशी एसटी अर्धा तास उशिरा. मी पोहोचले तेव्हा साहेबांची गाडी फाटकात उभी होती, समितीचे अध्यक्ष खुर्च्या पुसत होते आणि पोरं रांगेत बसली होती. चिठ्ठ्या आधी वाचायला वेळच मिळाला नाही. खरं तर दोन मिनिटं मिळाली असती. साहेबांना चहा विचारण्याआधी ऑफिसात जाऊन पेटी उघडता आली असती. पण डोकं भणभणत होतं आणि मी म्हटलं, जाऊ दे, पोरंच तर आहेत, काय लिहिणार.

प्रार्थना झाली, सुविचार झाला. मी पेटी पालथी केली. बहुतेक चिठ्ठ्या एका ओळीच्या, पेन्सिल दिली, दार लावलं अशा. साहेब मोबाइल धरून उभे होते. त्यांच्यासमोर जरा वजनाचं काही वाचावं म्हणून मी मुद्दाम सगळ्यांत लांब चिठ्ठी उचलली. अक्षर मोठं, दुसरीतल्या पोरीचं. मी खणखणीत आवाजात वाचायला लागले:

‘आजीले आता खडे दिसत नाही. म्हणून आजी पाण्याले गेली का पाचवीच्या पोरी टोपल्यातले खडे निवडतात. रोज निवडतात. दोन दिवसांपासून मी पण निवडते. आजीले माहीत नाही. ती आली का आम्ही पळतो.’

तिसऱ्या वाक्यापर्यंत मला कळलं होतं की थांबायला हवं. पण सव्वीस वर्षांत अंगी मुरलेला वाचनाचा सूर आपोआप चालत राहतो. मी शेवटपर्यंत वाचलं. वर पाहिलं तर पाचवीच्या पोरींनी माना खाली घातल्या होत्या, आणि स्वयंपाकखोलीच्या दारात आजी उभी होती, मांडीवरचं सूप तसंच हातात घेऊन.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. “क्या बात है मॅडम, याला म्हणतात संस्कार. लिहिणारी कोण आहे? ये बेटा, समोर ये.” दुसरीतली ती पोर लाजत पुढे आली. साहेबांनी तिच्याबरोबर फोटो काढला. मग खुर्चीत बसताना अध्यक्षांकडे झुकून हळूच म्हणाले, “त्या बाईचं बघा काही तरी. आज खडा आहे, उद्या पाल पडली तर कोण सांभाळणार?” त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. अध्यक्ष म्हणाले, “पायतो जी.” मीही तिथंच बसले होते. म्हणायला हवं होतं, की साहेब, खडे निवडायला पोरी आहेत, आम्ही आहोत, तिला राहू द्या. मी त्यांना बिस्किटाची बशी पुढे केली.

पोरं जेवून गेल्यावर आजी ऑफिसच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मग म्हणाली, “मॅडम, मी रोज निवडत होती ना?”

“हो आजी, मी बघायची ना.”

“मंग मी काय निवडत होती जी?”

मी मोतीबिंदूचं बोलायला लागले. गोंदियाला ऑपरेशन होतं, डोळे परत येतात, महिनाभराची तर गोष्ट. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. “डोरे गेले तं गेले,” ती म्हणाली, “पण लेकरं मले पाहून पळत होते, आन मले वाटे का खेळून राहिले.”

सोमवारी तिनं कोठीची चावी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी म्हटलं, समितीनं अजून काही सांगितलेलं नाही, राहा. “त्याइनं सांगेपर्यंत कायले थांबू,” म्हणाली आणि गेली. जावई येऊन तिला गोंदियाला घेऊन गेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्यासाठी थांबायला सांगितलं आणि धुरापासून दूर राहा म्हणून बजावलं. तोवर समितीनं चुलीवर दुसरी बाई ठेवली होती. तीही गरजूच, पदरात दोन लेकरं. तिला काढा असं कोणत्या तोंडानं म्हणणार? मी वहीत सह्या करत राहिले.

दुसरीतल्या त्या पोरीशी पाचवीच्या पोरी भांडल्या नाहीत. बोलायच्याच बंद झाल्या. त्यात तिची सख्खी बहीणही होती. एक दिवस मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली.

“मॅडम, मी खोटं लिवली होती का?”

“नाही गं.”

“मंग आजी काऊन गेली?”

तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं, की चूक तुझी नाही, माझी आहे. आधी नजर न टाकता सगळ्यांसमोर वाचलं ते मी. पण तेव्हाच कुठली तरी माहिती अर्ध्या तासात मागितलेली होती. मी तिला म्हटलं, जा, पाढे म्हण. ती गेली आणि खरंच पाढे म्हणत बसली. ते आठवलं की आजही मला स्वतःची शरम वाटते.

पेटी चालूच होती. चिठ्ठ्या येत होत्या. पेन्सिल दिली, दार लावलं, कचरा उचलला. सगळ्या एका ओळीच्या, सगळ्या साहेबांना दाखवण्याजोग्या. आता आधी वाचून काढून टाकावं असं त्यांत काही नसे.

मार्चमध्ये आजी गावात परतल्याचं कळलं. जायचं जायचं म्हणत मी पंधरा दिवस घालवले. खरं कारण वेळ नव्हता हे नाही, तोंड नव्हतं. शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीला तासभर होता, तर पाय तिकडे वळवले. तिचं घर शाळेमागच्या दुसऱ्या गल्लीत. दार उघडंच होतं.

आत अंगणात आजी खाटेवर बसली होती, डोळ्यांना काळा चष्मा. तिच्यासमोर जमिनीवर पाचवीच्या चार पोरी सूप घेऊन तिच्या घरचे तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या मधोमध, सुपाच्या अगदी जवळ, दुसरीतली ती. बहिणीनं तिच्यासाठी सुपाच्या एका कोपऱ्यात मूठभर तांदूळ वेगळे करून दिले होते. या वेळी आजी आल्यावर पळायचं नव्हतं. आजी त्यांना काही तरी सांगत होती आणि त्या हसत होत्या.

मी दारात दिसले आणि हसणं थांबलं. आजी म्हणाली, “कोण आहे गं?” मीच म्हटलं, “मी आहे आजी.”

“या मॅडम, बसा ना. पोरी चहा मांडून देतात.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बसता आलं असतं.

पोरी हलल्या नाहीत. मोठ्या चौघी एकमेकींकडे बघत होत्या. दुसरीतली ती उठून उभी राहिली, माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे लिवू नका.”

मी म्हटलं, नाही लिहिणार. तिला ते खरं वाटलं नसावं. ती पुन्हा खाली बसली, दोन्ही हात सुपावर आडवे धरले, आणि मी अंगणातून निघून जाईपर्यंत काढले नाहीत.