खंडेनवमीला पुजलेली कादंबरी

आमच्या घरात केर टाकून देत नसत. हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या कुठल्याही घरात हेच दिसेल. झाडलेला केर डब्यात साठवायचा, मग तो विकत घेणारा माणूस येतो आणि जाळून-गाळून त्यातला चांदीचा कण काढून घेतो. हात धुतलेलं पाणीसुद्धा आई बादलीत धरायची. चांदी आमची नव्हतीच. कारखानदार तोलून द्यायचा, आम्ही पैंजण करून तोलून परत द्यायचो. मजुरी तेवढी आमची. चांदीचा भाव चढला की ऑर्डरी थांबायच्या, आणि मग आमटीत डाळ शोधावी लागायची.

घर म्हणजे एक लांबडी खोली. पुढच्या निम्म्यात काम, मागच्या निम्म्यात संसार. वडील भट्टीवर चांदी आटवायचे. आई बारीक ज्योतीवर पैंजणाच्या कड्या जोडायची. तिचे डोळे कायम लाल असायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांचे डोळे लालच असतात.

ह्या घरात एक कायदा होता, आणि तो आईनं केलेला होता. हातात पुस्तक असलेल्या माणसाला हाक मारायची नाही. पाणी आण नाही, दळण आण नाही, घुंगरं ओव नाही. आई चौथीतनं शाळा सोडलेली. मी पुस्तक उघडलं की ती वडिलांनासुद्धा हळू खोकायला लावायची. पुढं माझी बारावीची परीक्षा झाल्यावर मावशीनं तिचा जुना टीव्ही आम्हाला दिला. मावशी शेजारीच राहते, तीही हेच काम करते. पण मी संध्याकाळी पुस्तक घेऊन बसले की तो टीव्हीही बंद व्हायचा. मालिका बघायला आलेल्या बायकांना आई दारातूनच परत पाठवायची. "पोरगी अभ्यासाला बसल्या," एवढं तिचं एक वाक्य. ते म्हणताना तिची मान ताठ व्हायची.

मी बी.ए. झाले, इंग्रजी घेऊन. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घरांत पहिली. हे सांगताना मला अजून बरं वाटतं आणि मी ते लपवत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागले. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. पण आईचं तेवढ्यावर भागलं नव्हतं. तिला मला साहेब झालेलं बघायचं होतं. म्हणून मी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणली, फळीवर लावली, आणि रोज संध्याकाळी भिंतीला टेकून वाचायला बसू लागले.

आता मी काय वाचत होते ते सांगते. प्रेमाच्या कादंबऱ्या.

नाद लागला तो कॉलेजात असताना. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी कादंबरी मिळाली. एका ऑफिसातली दोघं लग्न ठरल्याचं खोटंच सोंग करतात आणि मग खरोखर प्रेमात पडतात. काय होणार ते पहिल्या पानावरच कळतं. तरी एसटी हुपरीला येऊन थांबलेली मला कळली नाही, कंडक्टरनं "ओ पावणं, उतरायचं न्हाय व्हय?" म्हणून उठवलं. त्यानंतर मी थांबलेच नाही. शहरातल्या साध्या प्रेमकथा झाल्या, मग जादूच्या राज्यांतल्या. शाप लागलेले राजे, बोलणारी अरण्यं, सात समुद्रांपलीकडच्या राण्या. कधी एकदा बस सुटते आणि पुस्तक उघडते, असं व्हायचं.

काय आवडायचं? शेवट गोड होणार ह्याची खात्री आवडायची. आमच्या घरात उद्याचीही खात्री नसायची. आणि एक गोष्ट फार आवडायची. ह्या पुस्तकांत कुठंतरी मध्यावर तो तिला विचारतो, "तुला काय हवंय?" आणि तिच्या उत्तराची वाट बघतो. आमच्या बोळात असं कुणी बाईला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. बायकांनीही बायकांना नाही.

पण लाज वाटायची, आणि दोन्हीकडून वाटायची. कॉलेजात एकदा आमच्या बाईंनी एकेकीला विचारलं, सध्या काय वाचताय. मी खरं सांगितलं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "इतक्या लांबून शिकायला येता, आणि हे वाचता?" एवढंच म्हणाल्या. मी खाली बसले. मनात आलं, बरोबर आहे. ज्यांच्या घरात पुस्तकांनी भरलेली कपाटं आहेत त्यांनी वाया घालवावं. माझ्या घरात केर वाया जात नाही, आणि मी अख्खं शिक्षण ह्या राजांवर उधळते आहे. त्या दिवसापासून मी पुस्तकांना खाकी कव्हर घालू लागले, शाळेतल्या पुस्तकांसारखं. घरी कव्हर बघून आई म्हणाली, "किती जपून वापरती बघा."

असंच चाललं होतं, आणि मग एक खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांना सुट्टी असते. धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा. मग दसऱ्याला उचलून मुहूर्ताचं थोडं काम करायचं. मी कामावरून आले तर पूजा झालेली. पाटावर वडिलांची सांडशी, हातोडी, आईचा चिमटा, तराजू. आणि मधोमध माझं पुस्तक. खाकी कव्हरवर कुंकवाची बोटं ओढलेली, वर अक्षता, वर झेंडू.

फळीवरच्या पुस्तकांतलं ते नव्हतं.

"आई, हे कुठलं घेतलंस?"

"तुझ्या उशाखालचं. सारखं तेच वाचत असतीस की. म्हटलं, हेच खरं अभ्यासाचं. फळीवरची नुसती धूळ खात पडल्यात."

"दुसरं ठेवूया का?"

"पुजलेलं उचलत्यात व्हय? उद्या उचलायचं. गप बस."

तेवढ्यात वडील आंघोळ करून आले. त्यांनी हत्यारांना हात जोडले. मग गुडघे टेकून वाकले आणि पुस्तकावर कपाळ ठेवलं. माझे वडील देवळातसुद्धा उभ्यानंच नमस्कार करतात. त्या खाकी कव्हरच्या आत, बरोबर त्यांच्या कपाळाखाली, उघड्या छातीचा एक राजा बर्फात उभा होता. मला तिथून कुठं जावं ते कळेना. घरात दुसरी खोली नव्हती.

दसऱ्याला सकाळी मावशी आली, शेजारच्या दोघीजणी आल्या. वडिलांनी भट्टी पेटवून मुहूर्त केला. आईनं एक कडी जोडली, मावशीनं एक घुंगरू लावलं. मग आई पुस्तक दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं आली.

"आता तू. चार वळी वाच. मोठ्यानं."

त्यांच्यातल्या कुणालाच इंग्रजी येत नव्हतं. मी पुस्तक उघडलं, पानावर नजर ठेवली आणि शाळेत पाठ केलेलं म्हणायला लागले. "सह्याद्रीत उगम पावणाऱ्या काही नद्या पूर्वेकडे वाहतात, काही पश्चिमेकडे..." बायकांनी हात जोडले. शेजारीण हळूच म्हणाली, "इंग्लिशमधनं बघून मराठीत वाचती बघ, पोरगी हाय का काय!" जोडलेल्या हातांकडं मला बघवेना.

"थांब," आई म्हणाली. "हे न्हवं."

"काय हे न्हवं?"

"हे पुस्तक वाचताना तुझं तोंड असं नसतंय. तुझी तू हसतीस. परवा तर डोळं पुसत हुतीस. नद्या कुठं वाहत्यात म्हणून रडतंय व्हय कोण?"

"व्हय की," मावशी म्हणाली, "मीबी बघितलंय. मला वाटलं, गणित अवघड असंल." आणि तिनं पुस्तक ओढून घेतलं. पूजेच्या पाण्यानं कव्हर भिजून सैल झालं होतं. ते तिच्या हातात आलं.

"अगं बया! ह्यो कोण गं? सदरा कुठं गेला ह्याचा?"

"एवढ्या बर्फात उघडा!" शेजारीण म्हणाली. "न्युमोनिया हुईल की मेल्याला."

वडील खाकरले. "आपट्याची पानं आणतो," म्हणाले आणि बाहेर गेले. पानं कोपऱ्यात आणून ठेवलेलीच होती.

कव्हरच्या त्या कुंकू लावलेल्या कागदाची आईनं घडी घातली आणि परत पाटावर ठेवली. मग म्हणाली, "जे हाय ते वाच."

मी वाचलं. वाचलं म्हणजे इंग्रजी बघत आमच्या बोलीत सांगत गेले, दुसरं काही सुचलंच नाही. एका राजाला शाप असतो, तो ज्याला हात लावेल त्याचा बर्फ होतो. आणि एक भट्टीवाली पोरगी असते. तो रोज संध्याकाळी तिच्या भट्टीपाशी येतो, लांब उभा राहून हात शेकतो आणि काही न बोलता जातो. एक दिवस ती त्याला म्हणते, लांब का उभा राहतोस? तो म्हणतो, तुला काही होऊ नये म्हणून.

"भट्टीजवळ एवढा वेळ बोलत बसाय सवड हाय व्हय तिला?" मावशी म्हणाली. "हिकडं ये म्हणावं, चांदी आटवाय लावतो." सगळ्या हसल्या. मीही हसले असते. पण आई उठली आणि मागं पुऱ्या लाटायला गेली.

बायका घरी गेल्यावर मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं लाटणं थांबवलं नाही. मला वाटलं, आता साहेबाच्या परीक्षेचं काढणार, असल्या पुस्तकाला वाहिलेल्या कुंकवाचं काढणार. मी उत्तरं जुळवून ठेवली होती.

"संध्याकाळचं बसायचीस, तवा हेच वाचत हुतीस?"

"व्हय."

"माझी मालिका लागायची त्या टायमाला."

आईला टीव्हीचं एवढं काही नाही, असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. ठरवायला मला सोपं होतं.

"त्यातबी असंच हुतं," आई म्हणाली. "एक डाक्टर आणि एक शाळंतली बाई. दोघं बोलायची न्हाईत, नुसती बघायची. त्यांचं लगीन ठरत आलं आणि तू बी.ए.ला गेलीस. मी टीव्ही बंद केला. पुढं काय झालं, मला अजून ठावं न्हाय."

"शेजारी विचारायचंस की."

"काय विचारू? पोरीला शिकवाय निघाल्या आणि हिचं चित्त लगनात, म्हणतील की." मग लाटणं बाजूला ठेवून माझ्याकडं बघत म्हणाली, "तू लगीनच वाचत हुतीस, तर मला तरी बोलवायचं गं. मालिका दोघींनी बघितली असती."

कॉलेजातल्या बाईंच्या त्या वाक्यानं लाज वाटली होती, पण त्या लाजेत थोडा रागही होता. ह्या लाजेत राग कुठं ठेवू? पुस्तक वाईट होतं म्हणून मला लाज वाटली नाही. ते पुस्तक मला एकटीला मिळालं, ह्याची वाटली. "तुला काय हवंय?" हा प्रश्न मी शंभरदा वाचून डोळे पुसले होते, आणि माझ्यासमोर लाल डोळ्यांनी कड्या जोडत बसलेल्या बाईला तो कधी विचारला नव्हता. आता तरी विचारावा, म्हणून तोंड उघडलं. पुस्तकातलं वाक्य आमच्या बोलीत येईना. शेवटी म्हणाले, "आई, ती मालिका मोबाइलवर मिळंल. बघतीस काय?"

"जुनी?"

"जुनीच."

"बघूया की," ती म्हणाली आणि पुरी तेलात सोडली.

मोबाइलवर शोधायला बराच वेळ गेला, पण भाग सापडले. डॉक्टरांचं आणि बाईंचं लग्न झालं. आई, मावशी, मी, तिघी एका पडद्यावर वाकून बघत होतो, आणि वडील भट्टीकडं तोंड करून ऐकत होते. मधल्या गैरसमजाला मावशीनं डॉक्टरला इतक्या शिव्या दिल्या की आई म्हणाली, "हळू गं, माणूस चांगला हाय त्यो."

साहेबाची परीक्षा मी पुढं खरोखर अभ्यास करून दिली. पास झाले नाही. आईला तसं सांगितलं, आणि ती दोन दिवस कमी जेवली. ते मला अजून टोचतं. बसमध्येही, शेजारी कुणी शिकलेलं बसलं, तर अजून माझा हात मुखपृष्ठावर जातो. लाज पूर्ण गेली, असं मी लिहिणार नाही.

पण मी बी.ए. झाले. माझ्या पगारावर घर चालतं. आईनं ज्योतीवर कड्या जोडायचं काम सोडलं, आता ती फक्त घुंगरं ओवते. आणि रोज संध्याकाळी ती ओवत असताना मी तिला प्रेमाची कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवते. घरातल्या एकाही पुस्तकाला आता कव्हर नाही.