पत्ते कोण वाटणार?

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग आत कुठेतरी चरचरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माणसाच्या पोटातली जळजळ इतकी उघडी कधी पाहिली नाही. नाव कोणाचंच घेत नाही. त्या घरचे लोक अजून इथेच राहतात.

पोळ्याचा पाडवा होता, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. या दिवसाबद्दल विदर्भातल्या कुठल्याही पोलिसाला विचारा. सकाळी मारबतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त आणि दुपारपासून जुगाराच्या खबरा. पोळ्याला पत्ते हातात घ्यायचेच, असा इकडचा रिवाज. एरवी भाजीवालीशी घासाघीस करणारा माणूससुद्धा त्या दिवशी तीन पत्तीला बसतो आणि खिसा मोकळा करून उठतो.

निम्मं ठाणं बंदोबस्तावर गेलं होतं. ठाणे अंमलदार डबा उघडून बसला होता, म्हणून वाजलेला फोन मीच उचलला. जुनी लँडलाइन, नंबर दिसायची सोय नव्हती.

“साहेब, प्रताप नगरात जुगार चालून राहिला. पोकर. कालेजचा मास्तर हाय, त्याच्या फ्लॅटवर.”

“पैसे लावतात?”

“लावतच असतीन! मधात म्हातारा बसते, त्याच्या उजव्या बाजूले हा मास्तर. पत्तेही हाच वाटते. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही.”

त्याने पत्ता सांगितला. नाव विचारताच फोन ठेवला.

त्या काळात पोकरचा नुसता बोलबाला होता. मोबाइल उघडला की जाहिरात. चांगली शिकलेली पोरं त्यावर हिशेबाच्या गोष्टी करायची. मला त्या खेळाचा आधीपासूनच राग. आमच्या वेळचा जुगारी पोलीस दिसला की नाल्यात उडी मारायचा. हे नवे जुगारी मात्र इस्त्रीच्या शर्टात बसून खेळतात आणि त्याला बुद्धिमत्ता म्हणतात. एकदा यांची जिरवावी, असं मनात होतंच.

दोन पंच घेतले, एक तरुण उपनिरीक्षक सोबत घेतला आणि निघालो. दार उघडताच मटणाच्या फोडणीचा वास आला. हिरवं कापड अंथरलेलं गोल टेबल, रंगीत चकत्यांचे ढीग, भोवती सहासात पुरुष. त्या सगळ्यांच्या मधोमध पांढऱ्या सदऱ्यातले एक वयस्क गृहस्थ, आणि त्यांच्या उजव्या हाताला पत्ते वाटणारे प्राध्यापक.

प्राध्यापक पांढरेफटक पडले. “सर, हा कौशल्याचा खेळ आहे.”

“ते कोर्टाला सांगा.”

एवढ्यात माझा उपनिरीक्षक टेबलाजवळ गेला, पत्त्यांकडे बघून म्हणाला, “होल्डम का? ब्लाइंड किती ठेवता?” आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आपला माणूस भेटल्यासारखं. मग त्यानेच मला समजावून सांगितलं, की होल्डम हा पोकरचाच प्रकार, ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच टाकायच्या चकत्या, प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधले पाच सगळ्यांचे, आणि ज्याची जुळणी भारी तो जिंकला. मला त्याचा मनस्वी हेवा वाटला. माझी अख्खी नोकरी जुगाऱ्यांची कॉलर धरण्यात गेली आणि समोर काय चाललंय ते कालच्या पोराकडून शिकायचं!

टेबलावर पैसा नव्हता. घरझडती घेतली, तरी जुगाराचा म्हणावा असा पैसा सापडला नाही. मी विचारलं, तेव्हा ते वयस्क गृहस्थ म्हणाले, “पैशाचं नाही खेळत, साहेब. जो हरते तो मटण शिजवते.”

स्वयंपाकघरात डोकावलो. त्यांचा मुलगा कांद्याने डोळे लाल करून पातेलं ढवळत होता. तो पहिल्या डावात हरला होता.

तरी खबर आली म्हणजे बयाण घेणं आलं. प्राध्यापकांना आणि त्या गृहस्थांना, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांना, गाडीत बसवलं. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. प्राध्यापक मान खाली घालून म्हणाले, “सर, डायरीत जुगार म्हणून नाव गेलं तर कॉलेज मला निलंबित करेल. नोकरी जाईल माझी.”

ठाण्यात दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. दोघांची उत्तरं जुळली. पढवलेली उत्तरं जास्तच गुळगुळीत असतात. ही तशी नव्हती. उपनिरीक्षक म्हणाला, “सर, खबर खोटी आहे.”

खोटी होती हे मलाही दिसत होतं. पण दिली कोणी? फोनवरचं बोलणं मी पुन्हा आठवलं आणि एकदम लख्ख उजेड पडला. जुगाराची खबर देणारा माणूस पैसा सांगतो, किती लावतात, कुठे लपवतात ते सांगतो. हा माणूस बसायच्या जागा सांगत होता. उजव्या बाजूला कोण बसतं आणि पत्ते कोण वाटतं, याचं दुःख घराबाहेरच्याला कशाला होईल? हे मला सुचलं, कारण थोड्याच वेळापूर्वी त्या टेबलापाशी कोण कोणाकडे बघून हसलं, ते मीही तसंच टिपत उभा होतो.

सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसलो. “पाडव्याला दरवर्षी येणारं कोण आज आलं नाही?”

 ते म्हणाले, “मोठे जवाई. काटोलले असतात. संत्र्याचा व्यापार हाय.” आणि माझ्याकडे बघताच त्यांना सगळं कळलं. “त्यायले बोलावू नका, साहेब.”

पण खोटी खबर देणं हाही गुन्हाच. मी निरोप धाडला. संध्याकाळ व्हायच्या आत मोठे जावई हजर झाले. धिप्पाड माणूस, पण खुर्चीच्या कडेवर बसला होता. आवाज ऐकताच ओळखला. एकदाच विचारलं, लगेच कबूल झाला.

“काहून केलं असं?”

“साहेब, लग्न झाल्यापासून पाडव्याले मामाजीच्या हुडकेश्वरच्या घरी तीन पत्ती व्हाची. पत्ते मी वाटो. मामाजीच्या उजव्या बाजूले मी बसो. हा मास्तर आला अन् पोकर घेऊन आला. घरही बदललं, बैठकही बदलली. मले म्हणे, या, शिकवतो तुम्हाले.” तो खुर्चीवरून अर्धा उठला. “मले शिकवते! मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस असतीन, सरन हे फॅड. सरूनच नाही राहिलं. साहेब, तुम्ही एवढं जग पाहिलं. सांगा ना, हे पोकर किती दिवस चालन?”

आजवर आरोपींनी मला जामिनाचं विचारलं होतं, शिक्षेचं विचारलं होतं. हा प्रश्न पहिल्यांदाच आला. 

त्याला बाहेर आणलं. प्राध्यापक उसळलेच. “माझी नोकरी जात होती! मी तक्रार देतो.” मी कागद पुढे केला. तक्रार आली असती तर मोठ्या जावयावर गुन्हा नोंदवावा लागला असता, आणि ते घर कायमचं फुटलं असतं. प्राध्यापक लिहू लागले आणि लिहिता लिहिताच बोलत सुटले. “या घरात उठता-बसता एकच. मोठ्या जवाईबुवांनी दवाखान्यात नेलं, मोठ्या जवाईबुवांनी संत्र्यांची पेटी पाठवली. तीन पत्तीत मला कोणी धरत नव्हतं. म्हणून तर मी पोकर आणलं.”

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या सासऱ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “या, जवाईबुवा. जेवले का तुम्ही?”

थोरल्याने मान हलवली. नाही म्हणून. डोळ्यांत पाणी.

प्राध्यापकांचा पेन थांबला. कॉलेजात शिकवणारा, बायकोमुलं असलेला तो माणूस आवाज चढवून म्हणाला, “मामाजी, मी पण सकाळपासून उपाशीच आहे!”

ठाणे अंमलदार आधी हसला, मग उपनिरीक्षक, मग मीही. हसले नाहीत ते फक्त सासरे. ते उठले, धाकट्याच्या पुढचा कागद उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “चला दोघंही. मटण थंड होऊन राहिलं.” डायरीत मी एवढंच नोंदवलं की खबरीत तथ्य आढळलं नाही. मोठ्या जावयाला समज देऊन सोडलं.

या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. लोभी माणूस पकडायला सोपा, तो पैशामागे जातो. जळणारा माणूस मात्र आपल्याच घराभोवती घुटमळतो, आणि बहुतेक वेळा ज्याच्यावर जळतो तोही तिकडून याच्यावरच जळत असतो. मला हे कळायला हवंच होतं. माझाही एक साडू आहे, बँकेतून निवृत्त झालेला. सासुरवाडीला त्याला अजून पहिलं ताट मिळतं आणि मला ते अजून खुपतं.

गेल्या हंगामात काटोलच्या फळबाजारात गेलो होतो, तिथे तेच मोठे जावई भेटले. केस पांढरे झालेले. त्यांनीच ओळखलं, चहा पाजला. मोबाइलवरचे पैशांचे खेळ मध्यंतरी कायद्याने बंद झाले होते. मी चिडवलं, “काय हो, सरलं का शेवटी तुमचं पोकर?”

“नाही, साहेब. मोबाइलवरचं बंद झालं, घरचं चालूच हाय. मीही शिकलो. एका पाडव्याले मी पत्ते वाटतो, एका पाडव्याले साडभाऊ.”

“आणि मामाजी?”

“यंदाच्या उन्हाळ्यात गेले.” ढिगातलं एक संत्रं उचलून ते फिरवत राहिले. “आताही बसतो आम्ही, साहेब. पत्ते चांगले येतात, जिंकतोही. पण जिंकून पाहाचं कोणाकडं?”