घासलेटचा वास

ज्या दांड्याने त्या ड्रायव्हरचा हात मोडला, तो माझ्या दुकानातला होता. जॅकचा दांडा, हातभर लांब, लोखंडी. मी रोज तो दाराशी टेकवून ठेवायचो. मारणारा दुसराच होता. पण त्याच्या हातात दांडा जाण्याआधी माझ्या तोंडून तीन शब्द निघाले होते, आणि ते शब्द मी आजवर विसरलेलो नाही.

सत्तर सालानंतरची, डिझेल जीप नुकत्या दिसू लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मी नागपुरात महाल भागात राहायचो आणि बाहेर मोठ्या रस्त्याला लागून माझं लहानसं दुकान होतं. इंजिनातले डिझेल पंप आणि डिझेलचा फवारा मारणारे नोजल दुरुस्त करायचे, एवढंच काम. दुकानात मी एकटाच. तरुण होतो, हाताला यश होतं, आणि लोक म्हणायचे की हा मिस्त्री धूर पाहून इंजिनाचा आजार सांगतो. ते ऐकायला मला फार आवडायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. यात काही जादू नव्हती. पण गिऱ्हाइकासमोर मी दोन बोटं धुरात धरायचो, नाकाला लावायचो आणि मग बोलायचो.

त्या दिवशी सकाळी उमरेडकडचा एक कोळसा ठेकेदार जीप घेऊन आला. खाणीच्या चिखलात चारही चाकं ओढणारी गाडी लागते म्हणून त्याने ती मुद्दाम घेतली होती. गाडी चालवत त्याचा ड्रायव्हर होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, बारीक, कमी बोलणारा. मालक उतरला तोच तापलेला.

"मिस्त्री, चढावावर जीव सोडते हे. मागून काळं ढग निघते. बैलगाडी पुढं जाते आमच्या."

मी बोनेट उघडलं. नोजल काढून टेस्टरवर लावले. चारही फवारे बारीक धुक्यासारखे सुटत होते. पंप ठीक. हवेच्या फिल्टरमधलं तेल स्वच्छ. एव्हाना तास-दीड तास गेला होता, इंजिन गार पडलं होतं. सगळं परत बसवून चालू केलं तर गाडी गुमान चालली, धूरही फारसा नाही. तेव्हा खरं म्हणजे एकच गोष्ट करायची होती. गाडीत ओझं टाकून ती रस्त्यावर न्यायची आणि तापवायची. पण मालक माझ्या बाकावर बसून पाय हलवत होता आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, "सापडलं का?" माझी दोन बोटांची कीर्ती पणाला लागली होती. मी डिझेल फिल्टरची वाटी खोलली, बोट बुडवलं, नाकाला लावलं.

"घासलेटचा वास येतो," मी म्हणालो.

मालकाचे पाय हलायचे थांबले.

त्या काळात काही ड्रायव्हर टाकीतलं डिझेल काढून विकत आणि रेशनचं घासलेट ओतून माप भरत. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, मलाही. मालकाच्या डोक्यात संशय आधीपासून शिजत असणार. तो उठला आणि काही न विचारता त्याने ड्रायव्हरच्या कानाखाली मारली. ड्रायव्हरचं डोकं जीपच्या दारावर आपटलं.

"कितीक दिवसापासून विकून राहिला बे?"

"नाही विकलं मालक! मायची आन. काल फिल्टर धुतला म्या घासलेटनं. त्याचाच वास हाय तो." मग तो माझ्याकडे वळला. "मिस्त्री, सांग ना गा. फिल्टर घासलेटनंच धुतात का नाही?"

धुतात. मीही धुतो. त्याच क्षणी माझ्या पायाशी घासलेटचा डबा होता. मी त्या डब्याकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं, आणि काही बोललो नाही. आपण आत्ताच एक बोललो, आता दुसरं कसं बोलायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

मालकाने त्याच्या पोटात लाथ मारली. तो वाकला, तशी पाठीत कोपर. मग मालक दाराशी गेला आणि दांडा उचलून आणला. पहिला फटका मांडीवर बसला. दुसरा डोक्यावर येत होता, म्हणून ड्रायव्हरने उजवा हात वर केला. कपाशीची वाळलेली पराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. हात कोपराच्या खाली वाकला, जिथे हात वाकत नसतो तिथे. तो ओरडला नाही. त्याच्या तोंडून नुसती हवा निघाली आणि तो ऑइलच्या चिखलात बसला. मालकाने त्यानंतरही दोन मारले, खांद्यावर आणि पाठीवर. रस्त्यावरची माणसं दारात जमली होती. कुणी आत आलं नाही. मीही जागचा हललो नाही.

"टाकी साफ कर, नवं डिझेल भर आणि गाडी आणून दे," मालक मला म्हणाला. दांडा टाकला, रुमालाने हात पुसले आणि निघून गेला.

मी सायकलरिक्षा बोलावली आणि ड्रायव्हरला सरकारी दवाखान्यात नेलं. प्रत्येक खड्ड्याला त्याचे दात एकमेकांवर आपटत. मग तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मिस्त्री, घासलेट मिसळलं त इंजिन ठोकते, ओढ कमी होते. असं काळं मारत नाही. तुले मालूम होतं ना?"

मला मालूम होतं. मी होय म्हणालो नाही. दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं, आणि चार वाजताच्या एसटीत मी त्याला बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकी रिकामी केली, पेट्रोल पंपावरून ताजं डिझेल भरलं, मागे रेतीची सहा पोती टाकली आणि उमरेड रोडला लागलो. पहिले काही मैल गाडी मजेत पळाली. मग इंजिन तापलं, एक लांब चढाव लागला, आणि गाडीने दम सोडला. आरशात पाहिलं तर मागचा रस्ता दिसत नव्हता, इतका काळा धूर. ताज्या डिझेलवर.

मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं आणि इंजिनाचा वेग वाढवायला एका हाताने पंपाचा लिव्हर ओढून धरला. दुसरा हात चाचपत गेला तो हवेच्या फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीवर. बाहेरून नळी घट्ट होती, कुठे चीर नाही. पण मुठीत धरली तेव्हा आत काहीतरी फडफडलं आणि चिकटलं. नळी काढून टाकली. इंजिन मोकळ्या घशाने गरजलं आणि धूर गेला. नळी चाकूने उभी चिरली. आतला रबराचा थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. गार असताना तो जागेवर बसायचा. तापला की मऊ पडून ओढला जायचा आणि हवेची वाट बंद करायचा. सारा आजार एवढाच.

रस्त्याच्या कडेला उभा राहून मी हातातल्या पान्याने त्या जीपच्या मडगार्डवर मारत सुटलो. किती मारलं ते आठवत नाही. पत्रा आत गेला, माझ्या बोटांची सालटं निघाली. मग गाडीत बसलो आणि नळी न लावताच, धूळ खात, सरळ मालकाच्या कोळशाच्या आवारात गेलो.

तो माणसांत उभा होता. मी चिरलेली नळी त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"म्हणजे सुधरली ना गाडी?"

"त्यानं डिझेल चोरलं नव्हतं, शेठ. हात मोडला तुम्ही त्याचा."

"आता नसंन चोरलं. मांगं चोरलंच असंन," तो म्हणाला आणि हसला.

मी ती नळी त्याच्या तोंडावर हाणली. एकदा आणि परत एकदा. त्याच्या गालावर लाल पट्टा उमटलेला मी पाहिला आणि मला बरं वाटलं, हेही खरं लिहायला हवं. मग त्याच्या माणसांनी मला खाली घेतलं. कोळशाच्या चुऱ्यात माझं तोंड दाबून लाथा घातल्या. समोरचे दोन दात तिथेच पडले. मला फाटकाबाहेर फेकलं तेव्हा नळी माझ्या मुठीत तशीच होती.

विचारत विचारत ड्रायव्हरचं घर गाठलं. दारातच त्याची बायको हातमागावर विणत बसली होती. दोन लेकरं तिच्याजवळ खेळत होती. माझं रक्ताळलेलं तोंड पाहून ती उठली.

"कोण गा तुम्ही? काय झालं?"

"मी पंपवाला मिस्त्री. नागपूरचा." मी नळी पुढे केली. "घासलेट नव्हतं. हे होतं."

तिने नळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मग तिने मला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, मानेवर, तोंडावर, त्याच नळीने. "एक शब्द! एक शब्द नाही बोलता आला तुले?" लेकरं किंचाळून आत पळाली. मी हात वर केला नाही.

"बस कर वं," आतून खाटेवरून आवाज आला. "आण ते इकडं."

ड्रायव्हरने डाव्या हाताने नळी घेतली आणि अंगठा आत घालून तो सुटलेला थर दाबून पाहिला. बराच वेळ पाहत होता. कामाचा माणूस होता तो. मालक, मी, मोडका हात, काही क्षण सगळं विसरला असावा.

"रबर आतून सुटला," तो म्हणाला. "बाहेरून कोणालेच दिसलं नसतं." मग त्याने मान वर केली. "पण तू गप काहून राहिला?"

"भ्यालो."

"मालकाले?"

"नाही. चुकलो म्हणायला."

त्याने नळी खाटेवर ठेवली. "चाल मंग. ठाण्यात चाल. तिथं सांग हे."

आम्ही दोघं एसटीने नागपूरला आलो, तो गळ्यात हात बांधून आणि मी तोंडाला रुमाल लावून. ठाण्यात मी सगळं लिहून दिलं. वास, डबा, माझं गप्प राहणं, दांडा. आठ दिवसांत मालकाच्या माणसांनी येऊन माझा टेस्टर फोडला आणि नोजलची खोकी रस्त्यावर ओतली. जबानी मागे घे, म्हणाले. मी घेतली नाही. त्यात शौर्य नव्हतं. खाटेवरून विचारलेला तो प्रश्न त्या माणसांपेक्षा जड होता.

खटला दोन वर्षं चालला. मालकाला कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा झाली. तो बाकावर पान चघळत बसला आणि संध्याकाळी घरी गेला. ड्रायव्हरचा हात वाकडा जुळला होता, स्टिअरिंग ओढायची ताकद त्यात परत आली नाही. मी त्याला माझ्या दुकानात ये म्हटलं, तर नको म्हणाला. उमरेडच्या पुढे एका खेड्यात पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. तिथे तो लागला.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तो शेवटचं बोलला. रागात नाही, नेहमीच्याच आवाजात.

"मिस्त्री, तू सणावाराले घरी येतं, लेकरायले खाऊ आणतं. येत नको जाऊ आता. तू दिसला का भेतात ते."

मी बरं म्हणालो. स्टँडवर पोचलो तेव्हा त्याची एसटी लागली होती. डाव्या हाताने दांडी धरून तो चढला आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला.